‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ म्हणजे आईला दिलासा की धोका?

ऐरोलीहून एका मुलीने विचारलं आहे. आई ५८ वर्षांची. डाव्या स्तनात धड गाठ अशी नाही, पण जाडसरपणा हाताला लागला. सुईची बायोप्सी झाली आणि रिपोर्ट आला: इन्व्हेसिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ग्रेड २. ईआर ८/८, पीआर ७/८, हर-टू १+. खाली एक ओळ: ई-कॅडहेरिन निगेटिव्ह, पी-१२० सायटोप्लाझ्ममध्ये. तिचे प्रश्न असे. निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना? मामा म्हणतात, हे पेशी चिकटवणारं प्रथिन आहे, ते नाही म्हणजे कॅन्सर भराभर पसरणार, खरं का? हे प्रथिन कॅल्शियमवर चालतं असं वाचलं, मग आईला कॅल्शियमच्या गोळ्या वाढवून द्यायच्या का? आठ महिन्यांपूर्वीची मॅमोग्राफी साफ होती, ती चुकली का? आणि मला, माझ्या बहिणीला धोका आहे का?

मी ठाण्यात २६ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी करते. म्हणजे पेशंट माझ्यापर्यंत येत नाही, त्याचा तुकडा येतो. पेशंटशी बोलायची वेळ क्वचित येते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तो ‘निगेटिव्ह’ शब्द. कोविडपासून आपल्या घरांत ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ म्हणजे देवापुढे साखर ठेवायची, असं झालं आहे. कॅन्सरच्या रिपोर्टात हाच शब्द दर ओळीला वेगळं बोलतो. ऑपरेशननंतर ‘मार्जिन निगेटिव्ह’, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही, असं लिहून आलं तर ती आनंदाची बातमी. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सना पकडणारी पेशीतली प्रथिनं. ईआर निगेटिव्ह असतं तर हार्मोनच्या गोळ्यांचा रस्ता बंद झाला असता. तुमच्या आईचा तो उघडा आहे, आणि चांगला रुंद उघडा आहे. हर-टू हे पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन, त्याचं १+ हे नेहमीच्या हिशेबात निगेटिव्हच धरतात. ई-कॅडहेरिन निगेटिव्ह ही ओळ मात्र चांगली-वाईट काहीच सांगत नाही. ती फक्त आजाराचं नाव पक्कं करते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये दोन मोठी घराणी आहेत, डक्टल (दूधनळीच्या नावाचं) आणि लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या गुच्छांच्या नावाचं). त्यातलं हे दुसरं, एवढंच त्या ओळीचं काम.

आता हे प्रथिन करतं काय?

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधलं सिमेंट म्हणजे ही प्रथिनं. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहताना बघून हे उदाहरण पटतंही. पण ते फसवं आहे. भिंतीतली वीट एकदा बसली की बसली. आपल्या कातडीतली पेशी तळाला जन्मते आणि साधारण चार आठवड्यांत वर सरकत सरकत गळून पडते. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. एवढी ये-जा चालू असताना सिमेंट काय कामाचं? तिथे धरणारे आणि वेळेला सोडणारे हात लागतात.

म्हणून मी विद्यार्थ्यांना दहीहंडी आठवायला सांगते. २०१२ साली ठाण्यात नऊ थर लागले होते, ते कुठल्या गोंदाने लागले? खालच्या थरातला प्रत्येक गोविंदा शेजाऱ्याच्या खांद्यात हात अडकवून उभा असतो. पण नुसता हात अडकवून भागत नाही. तो हात खांद्याला आणि खांदा पाठीच्या कण्याला घट्ट जोडलेला हवा, नाहीतर वरचा भार आला की पकड राहते आणि माणूस कोसळतो. पेशीचं अगदी तसंच आहे. ई-कॅडहेरिन हा बाहेर आलेला हात. शेजारच्या पेशीचाही तसाच हात येतो आणि दोघांची टोकं एकमेकांत अडकतात. अशी एकेक पकड तशी कच्चीच, पण शेजारी शेजारी असंख्य पकडी आल्या की जोड भक्कम होतो. पेशीच्या आत या हाताला धरून ठेवतात कॅटेनिन नावाची प्रथिनं: पी-१२०, बीटा आणि आल्फा. आल्फाच्या पलीकडे ॲक्टिनचे दोर, म्हणजे पेशीचा कणा.

कॅल्शियम इथेच येतं. या हाताचे बाहेरचे पाच तुकडे असतात, एकापुढे एक. पाच तुकड्यांमध्ये चार सांधे, आणि दर सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात. ते असले की हात ताठ, काढून घेतले की लुळा. हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. मासातोशी ताकेइची हे जपानी शास्त्रज्ञ १९७०च्या दशकात क्योटोहून अमेरिकेत बाल्टिमोरला गेले. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम वापरतात, ते दोन्हीकडे वापरायचे. पण क्योटोत सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटायच्या, बाल्टिमोरला चिकटेनात. शोधता शोधता लक्षात आलं, अमेरिकेतल्या द्रावणात ईडीटीए होतं, आणि ईडीटीए कॅल्शियम गिळतं. कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिन या हातांना कापू शकत नाही, नसेल तर कापून टाकतं. म्हणजे पाककृतीतल्या एका जिन्नसाच्या फरकावर शोध लागला. १९८४ साली त्यांच्या गटाने या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव दिलं, कॅल्शियमवर अवलंबून चिकटणारं म्हणून. आमच्या लॅबमध्ये रक्त मोजायच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत हेच ईडीटीए असतं. तिथे त्याने कॅल्शियम गिळलं म्हणून रक्त गोठत नाही.

पेशी एकमेकींना ओळखून चिकटतात, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी समुद्रातला जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून काढला, आपण चक्का गाळून घेतो तसा. खाली पडलेल्या सुट्या पेशी पुन्हा गोळा झाल्या आणि त्यातून नवा स्पंज तयार झाला. कॅडहेरिनमध्येही जाती आहेत. अस्तराच्या पेशींवर ई, मज्जापेशींवर एन. वेगवेगळ्या जातींच्या पेशी एकत्र ढवळल्या तर त्या आपापल्या घोळक्यात वेगळ्या होतात. टेंभी नाक्याच्या गर्दीत प्रत्येक पथक आपल्या टी-शर्टचा रंग शोधत जमतं ना, तसं.

आता तुमच्या आईची स्लाइड. मी ती पाहिलेली नाही, पण अशा शेकडो पाहिल्या आहेत. लोब्युलर कॅन्सरच्या पेशीत ई-कॅडहेरिनचं जनुक, म्हणजे १६ व्या गुणसूत्रावरचं सीडीएच-१, बिघडलेलं असतं. हातच नाहीत. म्हणून या पेशी गोळा करून बसत नाहीत. ऊतीमधल्या तंतूंच्या फटींतून एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या शिरत जातात. डक्टल कॅन्सरच्या पेशी हात धरून घोळक्याने बसतात, भोवती कडक ऊती जमा होतात आणि गाठ होते. हाताला गोटीसारखी लागते, मॅमोग्राफीत पांढरी दिसते. मुंग्यांच्या रांगेची गाठ होत नाही, किंवा फार उशिरा होते. तुमच्या आईला गाठीऐवजी जाडसरपणा लागला, तो यामुळे.

तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. मॅमोग्राफी घनतेतला फरक दाखवते. जिथे पेशींनी आजूबाजूची घडण फारशी बदललेलीच नाही तिथे ती काय दाखवणार? लोब्युलर कॅन्सर मॅमोग्राफीत निसटणं हा या आजाराचा जगभरचा स्वभाव आहे. फिल्म न बघता ‘कुणाचीच चूक नाही’ असं मी म्हणणार नाही, पण आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट साफ होता एवढ्यावरून रेडिओलॉजिस्टवर चिडू नका. त्यापेक्षा ऑपरेशनच्या आधी सर्जनना विचारा, दोन्ही बाजूंचा एमआरआय करायचा का? आजाराचा खरा पसारा एमआरआयवर बहुतेक वेळा जास्त नीट कळतो, आणि लोब्युलरमध्ये पसारा वरून वाटतो त्यापेक्षा मोठा निघण्याची सवय आम्हाला आहे.

रिपोर्टातल्या पी-१२०च्या ओळीकडे लोक बघत नाहीत, पण मला ती जास्त भरवशाची वाटते. कारण सांगते. ई-कॅडहेरिनचा स्टेन, म्हणजे ते प्रथिन दाखवणारा रंग, लागला की पेशीच्या कडा तपकिरी होतात, स्तनातल्या निरोगी दूधनळीत मधाच्या पोळ्यासारखी सुंदर जाळी दिसते. निगेटिव्ह म्हणजे ती जाळी नाही. पण जाळी न दिसण्याला दुसरं कारणही असू शकतं: स्टेनच लागला नाही! म्हणून मी आधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी नळ्या शोधते. त्या तपकिरी आणि शेजारचा कॅन्सर कोरा, तर निगेटिव्हवर विश्वास. पी-१२० मात्र उलट बाजूने तेच सांगतं. हात असला तर पी-१२० कडेला, हाताच्या मुळाशी बांधलेलं असतं. हात नसला की ते सुटतं आणि पेशीभर तरंगतं. तिथे काहीतरी नाही म्हणून नव्हे, तर काहीतरी भलत्या जागी आहे म्हणून निदान होतं. दोन साक्षीदार वेगवेगळ्या दारांनी आले आणि एकच हकिगत सांगून गेले, तर कोर्टालाही पटतं. तरीही निदान मुळात साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर, पेशींच्या चालीवरून होतं. थोड्या लोब्युलर कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन दिसतं, पण काम करत नाही. हात आहे, पकड नाही.

स्टेन न लागण्याबद्दल एक रडगाणं गाऊन घेते. काही वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममधून शनिवारी रात्री काढलेला स्तनाचा नमुना सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर आला, फॉर्मालिनऐवजी (नमुना सडू न देणारं द्रावण) सलाइनमध्ये! दोन रात्री. डबा उघडला तेव्हाच वासावरून कळलं. पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या, निरोगी नळ्यासुद्धा स्टेन घेईनात. त्या बाईंना आम्ही ईआरसुद्धा खात्रीने सांगू शकलो नाही. सुदैवाने ऑपरेशनच्या आधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, होता, त्यावर काम भागलं. नमुन्याच्या दहापट फॉर्मालिन, तेही तासाभराच्या आत, आणि मोठा नमुना असेल तर कापून, म्हणजे औषध आतपर्यंत पोहोचतं. एवढीच मागणी असते आमची. घरच्यांनी ऑपरेशनच्या दिवशी ‘नमुना फॉर्मालिनमध्ये टाकला ना?’ असं विचारलं तर कुणाला राग आला तरी येऊ द्या.

आता मामांचा मुद्दा. हात नाहीत म्हणजे भराभर पसरणार, हे ऐकायला सरळ वाटतं. आम्हीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण विचार करा, डक्टल कॅन्सरच्या बहुतेक पेशींना हात असतात आणि तरी तो पसरतो. पसरताना कित्येकदा पेशींचे पुंजकेच्या पुंजके निघतात, हातात हात धरून. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर प्रयोग प्रसिद्ध केले. ई-कॅडहेरिन काढून टाकलं तर पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या खऱ्या, पण वाटेत जास्त मेल्या आणि दूरच्या अवयवात जाऊन वस्ती करू शकल्या त्या कमी. म्हणजे हे प्रथिन कॅन्सरचा शत्रूही आहे आणि गरजेला त्याचा सोबतीही. ज्या प्रथिनाची दोन टोकं अशी, त्याच्या एका ओळीवरून आईचं भविष्य काढायचं नाही. तिचं पुढचं ठरेल ते आजाराचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड आणि ईआर यांवर. ईआर ८/८ असलेल्या लोब्युलरमध्ये हार्मोनची गोळी हे मोठं हत्यार आहे.

लोब्युलरचं एक वेगळेपण मात्र लक्षात ठेवाच. हा परत आला तर कधी कधी बऱ्याच वर्षांनी येतो, आणि आडवाटेने येतो: पोटाचा पडदा, जठर, अंडाशय. दहा वर्षांनी पोट फुगतंय म्हणून आई ॲसिडिटीची गोळी घेत बसली, तर जवळच्या डॉक्टरांना हा जुना आजार आठवणीने सांगायचा. त्यांना आपणहून कसं कळणार?

कॅल्शियमबद्दल थोडक्यात. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम दर डेसिलीटर. आपण चार गोळ्या जास्त घेतल्याने पेशींचे हात जास्त ताठ होत नाहीत. आणि आईच्या त्या पेशींना ताठ करायला हातच नाहीत. पण पुढे ऑन्कोलॉजिस्टनी लेट्रोझोलसारखी गोळी दिली, तर तिने हाडं ठिसूळ होतात. तेव्हा कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व लिहून देतील, ते हाडांसाठी. ते चुकवू नका.

हात असूनही पकड सुटते, असा आजारही आहे. पेम्फिगस. कातडीच्या पेशींमध्ये कॅडहेरिनच्याच कुळातली डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं असतात, ती डेस्मोसोम नावाची टाचबटणं बनवतात. पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच या डेस्मोग्लीनविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. सुरुवात बहुधा तोंडापासून. ‘तोंड आलंय’ म्हणत लोक महिनोन् महिने बी-कॉम्प्लेक्स खातात, जेल लावतात, मग अंगावर ढिले फोड येतात. त्याची बायोप्सी पाहिली की दहीहंडीचंच चित्र समोर येतं: वरचे थर निसटले आहेत, मध्ये पोकळी आहे आणि सगळ्यात खालचा थर मात्र ओळीत ताठ उभा आहे. पुस्तकं याला थडग्यांची रांग म्हणतात. मला थर कोसळल्यावरही जागेवर उभे राहिलेले पायातले गोविंदे दिसतात. ते का पडत नाहीत? कारण जमिनीला धरणारे त्यांचे पाय वेगळ्या प्रथिनांचे, इंटेग्रिनचे, आणि पेम्फिगसला त्यांच्याशी देणंघेणं नाही. (पेम्फिगसची बायोप्सी दोन तुकड्यांत घ्यावी लागते. त्यातला फ्लुरोसन्सचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकायचा नसतो. तोही एकदा फॉर्मालिनमध्ये आला होता. जाऊ दे.)

तुम्ही नवी मुंबईच्या, म्हणून सांगते: खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, याच डेस्मोसोममधल्या प्लॅकोफिलिन-३ या प्रथिनावर, ते कमी झालं की कॅन्सरच्या पेशी कशा वागतात यावर, संशोधन झालेलं आहे. पेशींनी हात धरण्याचा अभ्यास तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर चालतो.

मुंबईचं नाव या विषयात आणखी एका जागी येतं. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला, हे बहुतेकांना माहीत असतं. १९९२ मध्ये परदेशात दोन मुलांचं वर्णन आलं: सारखे जंतुसंसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण त्या जखमेपर्यंत पोहोचतच नाहीत. आणि दोघांचा रक्तगट बॉम्बे! त्यांच्या शरीरात फ्युकोज ही साखर जागेवर चढत नव्हती. रक्तगटाच्या एच खुणेला, म्हणजे बॉम्बे गटात जी नसते त्या खुणेला, तीच साखर लागते, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवरची सिलेक्टिन नावाची प्रथिनं पांढऱ्या पेशीला जिथे पकडतात तिथेही तीच. घाबरू नका, बॉम्बे गटाच्या बाकी लोकांना हा त्रास नसतो. त्यांचा बिघाड फक्त एच खुणेपुरता. त्या दोन मुलांच्या आजाराच्याच दुसऱ्या प्रकारात इंटेग्रिन बिघडतं आणि बाळाची नाळ तीन-चार आठवडे पडतच नाही. बारसं होऊन गेलं तरी नाळ तशीच, हे आधी आजीच्या लक्षात येतं.

शेवटचा प्रश्न, तुम्हा बहिणींचा. रिपोर्टातलं ई-कॅडहेरिन निगेटिव्ह हे आईच्या गाठीतल्या पेशींबद्दल आहे, तिच्या रक्ताबद्दल नाही. बहुतेक लोब्युलरमध्ये जनुकाचा बिघाड त्या गाठीतच जन्मतो आणि तिथेच राहतो. तो मुलींकडे जात नाही. पण काही थोड्या घरांत सीडीएच-१चा दोष जन्मजात असतो. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात हे उलगडलं. त्या घरात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने जात होती. अशा घरांतल्या बायकांना लोब्युलरचाही धोका मोठा असतो. तेव्हा घरात आठवून बघा: आजोबा, मावशी, मामा, कुणाला जठराचा कॅन्सर झाला होता का, विशेषतः ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ लिहिलेला? कुणा बाईला दोन्ही स्तनांत, किंवा फार लवकर? असेल तर जेनेटिक कौन्सेलिंग घ्या, तपासणी आधी आईच्या रक्ताची होते. कुणालाच नसेल, तरी आई रुग्ण आहे एवढं तुमच्या डॉक्टरांना सांगून तुमची तपासणी कधीपासून करायची ते ठरवा.

परळला किंवा खारघरला दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या. तुमचा त्यावर हक्क आहे, फक्त सही करून घ्यावे लागतात. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा. आणि मे महिना आहे, पामबीच रोडने जाताना ती पिशवी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडतं.